घेणाऱ्याचा धर्म

परदेशच्या लोककथांचे कौतुक करणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही. वाण आहे ती त्या कथा नीट ऐकून घेणाऱ्यांची. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हैदा ग्वाय नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील हैदा लोकांची सॅल्मन माशांच्या देशी गेलेल्या मुलाची कथा ‘निसर्गावर प्रेम करा’ ह्या गोड उपदेशाचे उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे. ह्या अर्थास आमचा स्पष्ट विरोध आहे.

कथा अशी: एका मुलास भूक लागते. आई त्यास सुकवलेल्या सॅल्मनचा तुकडा देते. तुकड्याच्या टोकास बुरशी आलेली असते, म्हणून मुलगा तो तिरस्काराने फेकून देतो. पुढे पोहताना तो बुडतो आणि सॅल्मन त्यास आपल्या देशी नेतात. तेथे ते माणसांप्रमाणे घरे करून राहतात. भूक लागली म्हणजे तेथील एखादे मूल धरावे, त्याचा मासा होतो, तो खावा. मात्र सर्व हाडे पाण्यात परत टाकावीत, म्हणजे ते मूल पुन्हा जिवंत होते. एकदा एक लहानसे हाड राहून जाते आणि एक मूल दुखण्याने विव्हळू लागते; हाड शोधून परत केल्यावरच ते बरे होते. हंगाम आला म्हणजे मुलगा मासा होऊन आपल्याच गावच्या नदीत येतो. गळ्यातील तांब्याच्या हारावरून आई त्यास ओळखते. तो पुन्हा मनुष्य होतो व आपल्या लोकांचा वैद्य बनतो. शेजारच्या ट्लिंगिट लोकांतही ही कथा थोड्याफार फरकाने सांगतात.

आता आम्ही विचारतो, ह्यात प्रेमाचा उपदेश कोठे आहे? वनश्रीचे वर्णन नाही, समुद्राची स्तुती नाही. आहे तो चोख हिशेब. निसर्गास माता म्हणणे आम्हांस फार सोयीचे जाते. कारण लेकराने कितीही उच्छाद मांडला तरी आई जेवू घालतेच, असा आमचा भरवसा असतो. हैदांच्या कथेतील दाता मातेसारखा नाही. तो स्वतःचे घरदार व स्वतःचा मान असलेला शेजारी आहे. मान राहील तोवर तो येईल. न राहील तर येणार नाही. अशा दात्यापुढे गहिवर दाखवून भागत नाही. घेतलेल्याचे हाड न् हाड परत करावे लागते.

ह्यावर कोणी सुशिक्षित म्हणेल, “ही भाबडी समजूत झाली, हाडे पाण्यात टाकल्याने मासे वाढतात काय?” त्यांस थोडे निसर्गशास्त्रच ऐकवतो. प्रशांत महासागरातील बहुतेक जातींचे सॅल्मन समुद्रात वाढून जन्मनदीस परततात, अंडी घालतात आणि तेथेच मरतात. त्यांची शरीरे अस्वले काठावरच्या अरण्यात ओढून नेतात. हे हैदा ग्वायमध्येच पाहिले गेले असून, समुद्रातून आलेले नत्र त्या किनाऱ्यावरील झाडांच्या लाकडात सापडले आहे. परंतु हा दाखला आम्ही कथेचे प्रमाणपत्र म्हणून देत नाही. माशांची पैदास कशी होते हा कथेचा विषयच नव्हे. घेणाऱ्याचा हात कसा असावा, हा तिचा विषय आहे. तो नियम शास्त्राच्या शिक्क्यावाचूनही खराच ठरला असता.

आमचा खरा रोष मात्र कथेच्या भक्तांवर आहे. १८६२ च्या देवीच्या साथीने हैदांची गावेच्या गावे ओस पाडली. यजमानाने आपली संपत्ती पाहुण्यांस वाटून द्यावी, असा जो पॉटलॅच नावाचा सोहळा, तो कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा ठरवला होता. देणे हाच ज्यांचा धर्म, त्यांस देण्याबद्दल शिक्षा! आणि ह्याच बंदीच्या काळात, १९००-०१ मध्ये, जॉन स्वॉन्टन ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने स्काय ह्यासारख्या कथाकारांच्या मुखातून हैदा कथा उतरवून घेतल्या. कथा ग्रंथालयांत सुखरूप पोहोचल्या. इकडे बेटांवरील अरण्ये तुटत राहिली. १९८५ मध्ये लायेल बेटावर हैदांनी लाकूडतोडीची वाट अडवली, तेव्हा वृद्धांसह ७२ जणांस अटक झाली. १९८७ मध्ये त्या भागाचे राखीव राष्ट्रीय उद्यान करण्याचे ठरले. परंतु साऱ्या बेटांच्या भूमीवरील हैदांचे स्वामित्व ब्रिटिश कोलंबिया प्रांताने करार करून मान्य केले, ते २०२४ मध्ये.

कथा उचलावी, तिचा मासला शाळेत वाटावा, आणि ज्यांच्या मुखातून ती आली त्यांच्या भूमीचा प्रश्न निघाला म्हणजे ‘हे राजकारण झाले’ म्हणून बाजूस व्हावे, हा आदर कसला? चांगला भाग खाऊन उरलेला तुकडा फेकणे म्हणतात ते हेच. कथेतील मुलाचा अपराध ह्याहून निराळा नव्हता; त्याच्या पदरी निदान भुकेची व अजाणतेपणाची सबब तरी होती.

म्हणून ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच आहे: तिच्या शेवटी तात्पर्य जोडू नये. ती कोणाची, ते लोक आज कोठे आहेत आणि आपली भूमी परत मिळवण्यास त्यांस किती झगडावे लागले, हे मात्र तिच्यासोबत सांगावे. कथा ही घेतलेली वस्तू आहे. तिचे एवढे हाड तरी आपल्याकडे राहू देऊ नये.