गॉडझिलाचा केक

नातवाच्या वाढदिवसाला परवा केक आला तो गॉडझिलाचा. हिरवं क्रीम, पाठीवर चॉकलेटचे काटे. माझं आणि साखरेचं भांडण आहे, म्हणून मला शेपटीचं टोक मिळालं. "हा तर राक्षस रे!" असं म्हटलं, तर नातू खवळला. "नाही आजोबा, तो चांगलाय. तो पृथ्वी वाचवतो!"

आता मला गप्प बसवतंय का? सांगायला लागलो. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीतल्या २३ जणांवर पांढरी राख पडली. त्यातला एक सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा 'गोजिरा' हा सिनेमा, म्हणजे हाच गॉडझिला, लागला. सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड होतो आणि बोट पेटते. पुढचं थेटरातल्यांना समजावून सांगावं लागलं नसणार.

"बाबा, मेणबत्त्या विझवायच्यात," सूनबाई म्हणाल्या. व्याख्यान तिथंच विझलं.

पण भीतीचा असा केक झालेला बघून मला आमचा कोंबडा आठवला. १९७९ साली अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक पडणार, आणि ते नेमकं आमच्याच गावावर, अशी गावाची ठाम समजूत होती. आषाढ चालू होता, श्रावण तोंडावर. त्यामुळे भीतीला भलताच जोर चढला. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी वाटण वाटलं जाई. वाण्यानं उधारी बंद करून मागची बाकी मागायला सुरुवात केली. वर जाताना गल्ला कुठं नेणार होता कोण जाणे! ११ जुलैला बुधवार. वडिलांनी आमचा तुर्रेवाला कोंबडा कापला. "निदान तलंगा तरी ठेवा, अंडी देतील," आई म्हणाली. "खायला कोण राहणारे?" वडील म्हणाले. पण तलंगा वाचल्या.

स्कायलॅबचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात. तिथल्या एका नगरपालिकेनं अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोकला. २०२१ साली तेलुगूत याच घबराटीवर 'स्कायलॅब' नावाचा सिनेमा आला, तोही विनोदी. मी पोट धरून हसलो.

आमच्या घरी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस सगळे उशिरा उठत होते. आई रोज सकाळी वडिलांकडे बघून म्हणायची, "आरवा आता तुम्हीच."