फडक्याचा मुकुट

न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रिया केसांत पिसं खोवत, दागिने माळत, आणि हा थाट वरच्या लोकांच्या डोळ्यांत खुपत असे. १७८६ साली तिथला स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो यानं फर्मान काढलं: पिसं नकोत, दागिने नकोत, केस रुमालात बांधून ठेवायचे. राबणाऱ्या गुलाम बायका डोक्याला फडकं बांधत; स्वतंत्र बायकांनाही त्याच ओळीत उभं करायचं, हा हेतू उघडच होता. त्या बायकांनी हुकूम मानला, पण कापड आपल्या पसंतीनं घेतलं. त्यात आपल्याकडचा मद्रासी रुमालही होता. मद्रासच्या आसपास हातमागावर विणलेलं हे चौकडीचं सुती कापड युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेलेलं. रुमाल तिरका दुमडायचा, मानेमागून कपाळावर आणायचा, पीळ देऊन टोकं खोचायची किंवा ताठ उभी ठेवायची. लाज वाटावी म्हणून लादलेल्या वस्त्राचं असं देखणं शिरोभूषण झालं. मला या बायकांचा फार अभिमान वाटतो. १८०३ मध्ये न्यू ऑर्लिन्ससकट सगळं लुइझियाना अमेरिकेकडे गेलं, तरी त्यांनी रुमाल सोडला नाही. १८४०च्या सुमारास जाक आमान्स या चित्रकारानं लाल शिरोवस्त्रातली अशीच एक स्त्री रंगवली; तिचं नाव मात्र कुणी नोंदवलं नाही. तिकडे कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवर सणासमारंभाला बायका आजही चौकडीचा मद्रास डोक्याला बांधतात.