माळवद आणि मिन्झफा

ओमानमधल्या इब्राच्या अल-मिन्झफा या जुन्या वस्तीतली मातीची घरं पाहिली की मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आठवतं. तिथे खजुराच्या खोडांच्या तुळया, त्यावर झावळ्यांच्या चटया आणि वर मातीचा थर; इथे लाकडी तुळया, फळ्या आणि पांढरी माती. युक्ती एकच: ४० अंशांपलीकडचं ऊन जाड मातीत मुरतं आणि खोलीत उतरेपर्यंत दिवस कलतो. काँक्रीटचा पातळ स्लॅब हा उशीर करत नाही, म्हणून आपण एसी लावतो, आणि तिथून ओलाव्याची गोष्ट सुरू होते. मस्कतच्या किनाऱ्यावर हवा ३५ अंश तापमानाची आणि ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. फॉल्स सीलिंगवरच्या थंड डक्टचं आवरण फाटलं की तिथेच थेंब साचतात, बुरशी येते आणि आपण गळती शोधत राहतो. दमट हवा अशा थंड पृष्ठभागापर्यंत पोचू नये, म्हणून उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर, बाहेरच्या बाजूने घालावा, आणि वाफ अडवणारा पडदाही त्याच उष्ण बाजूला. थंड देशांत हा पडदा आतून लावतात. ती रीत जशीच्या तशी उचलली तर ओल भिंतीतच कोंडते. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरणारे आपले आजोबा छताची दरवर्षी विचारपूस करत. घर बांधताना रंगाआधी आपणही छताचा विचार करायलाच हवा.