‘मिस्टर लोन्ली’त नकलाकारांची थट्टा नाही




हार्मनी कोरिनच्या ‘मिस्टर लोन्ली’ (२००७) या चित्रपटावर गेल्या अंकात आलेला लेख वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. पॅरिसमध्ये मायकेल जॅक्सन होऊन पोट भरणारा तरुण आणि विमानातून पॅराशूटशिवाय उड्या मारणाऱ्या नन, या दोन कथांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असे लेखक म्हणतात. माझ्या मते चित्रपटाचा सगळा जीव त्या संबंधातच आहे.

गरिबांसाठी आकाशातून अन्न टाकताना एक नन विमानातून खाली पडते, प्रार्थना करते आणि वाचते. मग इतर जणी स्वखुशीने उडी घेतात आणि त्याही वाचतात. इकडे मायकेल स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जातो; तिथे मेरिलिन मन्‍रो, चॅप्लिन, अब्राहम लिंकन, इंग्लंडची राणी आणि पोप होऊन राहणारी माणसे एका वाड्यात एकत्र नांदतात, मेंढ्या पाळतात, स्वतःचे नाट्यगृह बांधतात. जग आपल्याला बघायला येईल, याची त्यांना खात्री आहे. ही खात्री आणि ननची प्रार्थना एकाच जातीची. वेश चढवणे हीसुद्धा त्यांच्यासाठी उडीच आहे.

कुणीच हुबेहूब दिसत नाही, ही लेखातली तक्रार तर मला अजिबात पटली नाही. मायकेल झालेला दिएगो लुना जॅक्सनसारखा दिसत नाही, हे खरे. पण दिसला असता तर आपण त्याच्या कसबाला टाळ्या देऊन मोकळे झालो असतो. तो आणि जॅक्सन यांच्यातले अंतर दिसते, म्हणूनच त्याची ओढ दिसते. पात्रनिवडही विचारपूर्वक केलेली आहे. राणी झालेल्या अनिता पॅलनबर्ग आणि पोप झालेले जेम्स फॉक्स हे दोघे १९७०च्या ‘परफॉर्मन्स’मध्ये एकत्र होते, आणि तो चित्रपट एक गुंड व एक रॉक गायक यांची ओळख एकमेकांत मिसळून जाण्याचा. ननना घेऊन उडणारे पाद्री आहेत खुद्द दिग्दर्शक वेर्नर हेरझोग.

आपल्याकडे हिंदी चित्रपटात एखाद्या नटाचा ‘डुप्लिकेट’ येतो तो बहुधा हशा मिळवायला. १९९१च्या ‘रामगढ के शोले’त तर अशा कलाकारांची फौजच होती. कोरिन हशा मागत नाही. तो या माणसांना मायकेल, मेरिलिन अशाच नावांनी वावरू देतो, मुखवट्यामागचा ‘खरा माणूस’ उकरायला जात नाही. मेंढ्यांना रोग होतो आणि त्या गोळ्या घालून माराव्या लागतात, तेव्हा ही सारी मंडळी त्याच वेशात दुःख करतात. त्या प्रसंगी मला हसू आले नाही. कुणाला येत असेल असे वाटतही नाही.

चित्रपट रेंगाळतो, हे मान्य. वाड्यातल्या निम्म्या माणसांना दोन-चार क्षणांपलीकडे काही मिळत नाही, हेही मान्य. पण ‘नक्कल सोडा, स्वतःसारखे जगा’ हा त्याचा संदेश, हे लेखातले वाक्य मला अन्यायाचे वाटते. सामंथा मॉर्टनची मेरिलिन गळफास घेते, ती नक्कल करते म्हणून नव्हे. घरी नवरा चॅप्लिन तिला छळतो, ती उन्हात झोपलेली असताना तिला उठवत नाही, कातडी भाजू देतो. आणि नाट्यगृहातल्या ज्या प्रयोगावर सगळ्यांनी जीव टाकला, त्याला जेमतेम मूठभर माणसे येतात. तिकडे ननही शेवटी विमान समुद्रात कोसळून मरतात, खऱ्या पोपच्या भेटीला जाताना. म्हणून आधीचा चमत्कार खोटा ठरत नाही. चित्रपट तसे सुचवतही नाही. मायकेल पॅरिसला परतून वेश उतरवतो, तेव्हा त्याची सुटका झाली असे लेखकाला दिसले. मला तिथे मेरिलिनला गमावलेला आणि आता अंगावर जॅक्सनचा कोटही नसलेला माणूस दिसला.

आपला,
एक वाचक, नाशिक