'रिकाम्या' जमिनीचा खेळ

१/ ऐतिहासिक व्हिडिओ गेमवर वाद झडतो तो बहुधा तारखा, पोशाख आणि शस्त्रे यांतील चुकांवरून. ही टीका सोपी आहे, म्हणूनच अपुरी आहे. खेळाची इतिहासदृष्टी त्याच्या नियमांत दडलेली असते. निन्टेन्डो स्विचवरील 'सिव्हिलायझेशन ६' हे त्याचे ठळक उदाहरण. #थ्रेड

२/ फिरॅक्सिस कंपनीचा हा खेळ २०१६ साली संगणकावर आणि २०१८ साली स्विचवर आला. इ.स.पू. ४००० मध्ये पहिले नगर वसवायचे आणि अवकाशयुगापर्यंत राज्य वाढवायचे. या प्रकाराला '४एक्स' म्हणतात : शोध, विस्तार, उपसा, संहार. हे नाव विरोधकांनी ठेवलेले नाही. १९९३ साली गेमविषयक नियतकालिकातूनच ते रूढ झाले.

३/ आता नियम पाहा. नकाशावर 'आदिवासी गाव' लागते. खेळाडूची तुकडी आत शिरताच ते गाव नाहीसे होते आणि खेळाडूला सोने किंवा ज्ञान मिळते. गावातली माणसे कुठे गेली? खेळ उत्तर देत नाही, कारण त्याला हा प्रश्नच पडत नाही.

४/ कोणाच्याही नजरेत नसलेल्या भूमीवर 'रानटी' लोकांचे तळ उगवतात. मूळ नियमांत त्यांच्याशी तह नाही, व्यापार नाही. तळ उद्ध्वस्त केला की बक्षीस मिळते. ज्याला राज्य नाही तो माणूस जन्मतःच शत्रू!

५/ ही कल्पना भारताला अपरिचित नाही. १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या 'सेटलमेंट'मागे हाच विचार होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कलंक मात्र आजही पुसलेला नाही.

६/ २०१८ च्या विस्तारात कॅनडातील क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांचा समावेश झाला. त्यांच्या तोंडी क्री भाषा दिली, ही काळजी कौतुकास्पदच. पण क्री व्यापारी आपल्या नगराजवळच्या ज्या बेवारस जमिनीवर प्रथम पाऊल ठेवतो, ती क्री राज्यात जमा होते! भूमी बळकावण्याची वृत्ती आमच्या परंपरेवर लादली, असा आक्षेप पाउंडमेकर क्री नेशनकडून त्याच वर्षी घेतला गेला.

७/ खरे पाउंडमेकर कोण? १८८५ साली कट नाइफच्या लढाईत माघार घेणाऱ्या कॅनडाच्या सैन्याचा पाठलाग करण्यापासून त्यांनी आपल्या योद्ध्यांना रोखले. तरीही राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगात टाकले गेले. कॅनडाच्या सरकारने त्यांना निर्दोष ठरवले ते थेट २०१९ मध्ये.

८/ "खेळ तो खेळच, त्यातून कोण इतिहास शिकतो?" हा बचाव नेहमीचा. पण इतिहासाची गोडी या खेळानेच लावली, असे त्याचे चाहते अभिमानाने सांगतात. श्रेय घ्यायचे असेल, तर जबाबदारीही घ्यावी लागेल.

९/ "सुलभीकरण अटळ आहे" हा दुसरा बचाव. अटळ आहेच, पण दर वेळी त्याच लोकांना का वगळले जाते? २०२१ साली याच खेळात एक ऐच्छिक प्रकार आला. त्यात रानटी टोळ्यांशी व्यवहार करता येतो आणि त्यांची नगरराज्येही होऊ शकतात. म्हणजे मूळ नियम तंत्राची सक्ती नव्हती. ती निवड होती.

१०/ खेळ जरूर खेळावा. मात्र नकाशावरचा एखादा प्रदेश 'रिकामा' दिसला, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावा : तो रिकामा ठरवला कोणी?