घराचा उंबरठा आणि राज्याची सीमा

११ डिसेंबर २०२३ रोजी बेळगाव तालुक्यातील होसा वंटमुरी या गावात एका महिलेला घरातून ओढून बाहेर काढण्यात आले, विवस्त्र करून मारहाण करण्यात आली आणि विजेच्या खांबाला बांधून ठेवण्यात आले. तिचा अपराध एवढाच, की ज्या मुलीचे लग्न तिच्या घरच्यांनी अन्यत्र ठरवत आणले होते, ती या महिलेच्या मुलासोबत निघून गेली होती. त्या दिवशी कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये चालू होते. उच्च न्यायालयाने घटनेची स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्तिपदी त्या वेळी मूळचे निपाणीचे प्रसन्न वराळे होते. आरोपींना शिक्षा होईलच. पण जे नुसते पाहत उभे राहिले त्यांचे काय, असा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि गावाच्या सामूहिक जबाबदारीचा मुद्दा पुढे आणला.

काटेकोर कायदेशीर व्याख्येत ही घटना घरगुती हिंसाचारात बसत नाही. पीडिता आणि हल्लेखोर यांच्यात कौटुंबिक नाते नव्हते. तरीही तिचे मूळ घरातच होते. मुलीने कोणाशी लग्न करावे हे ठरविण्याचा घराचा हक्क मोडला आणि त्याची किंमत दुसऱ्या घरातील स्त्रीकडून वसूल करण्यात आली. ही हिंसा रस्त्यावर घडली म्हणून सरकार हलले, न्यायालय जागे झाले. हीच मारहाण बंद दाराआड झाली असती, तर कोणी दखल घेतली असती? सीमाभागातील बहुसंख्य पीडितांचा प्रश्न नेमका हा आहे. त्यांची हिंसा कधीच विजेच्या खांबापर्यंत येत नाही.

ती किती व्यापक आहे याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीवरून येतो. पतीकडून हिंसा सोसावी लागल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात ४४.४ टक्के निघाले. आधीच्या फेरीत ते २०.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते २५.२ टक्के, तर गोव्यात ८.३ टक्के नोंदले गेले. त्याहून बोलका आकडा देशपातळीवरचा आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली, आणि मागितली ती प्रामुख्याने माहेरी.

निपाणी परिसराला स्त्रियांच्या संघटित लढ्याची परंपरा आहे. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी मजुरीसाठी उभारलेल्या संघर्षावर ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. त्याच गटाचा १९८३ चा तेलुगू चित्रपट घरातील मारहाणीवर होता. कामाच्या ठिकाणी मालकाला जाब विचारणारी स्त्री घरी आल्यावर कोणाला जाब विचारणार, हा प्रश्न त्या काळच्या चळवळीला असा ओघानेच पडला होता. त्याच १९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये सामावलेले आहे.

कायदा काय देतो

फौजदारी कलम नवऱ्याला शिक्षा देते. बाईला निवारा देत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. शारीरिक मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्याने हिंसा मानला. बाईचे स्त्रीधन अडकवून ठेवणे किंवा घरखर्च बंद करणे हीदेखील हिंसाच. राहते घर, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई आणि संरक्षण या सर्वांसाठी एकाच न्यायदंडाधिकाऱ्याकडे एकच अर्ज करता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो.

न्यायालयांनीही या कायद्याला बळ दिले आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने सुनेचा राहण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हे मे २०२२ मधील निकालाने ठरले. मग उणीव कोठे आहे? ती मुख्यतः कायद्याच्या पुस्तकाबाहेर आहे, आणि सीमाभागात ती सर्वांत ठळक दिसते.

दोन राज्ये, एक संसार

राज्यांची सीमा १९५६ मध्ये आखली गेली. सोयरिकी त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून चालत आल्या आहेत. निपाणीची लेक कागलला, खानापूरची चंदगडला, गडहिंग्लजची संकेश्वरला दिली जाते. बेळगाव-खानापूरच्या कितीतरी मुली चोर्ला वा अनमोड घाट उतरून गोव्यात नांदायला येतात. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नावरील दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. सोयरिकींनी त्या निकालाची वाट पाहिलेली नाही. मात्र संसार मोडला, की हीच सीमा बाईच्या वाटेत भिंत होऊन उभी राहते.

समजा, खानापूर तालुक्यातील एखादी स्त्री चंदगडच्या सासरहून मार खाऊन माहेरी परतली. पहिला प्रश्न तिला हाच विचारला जातो, ‘घडले कुठे? मग तिकडेच जा.’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार पीडिता जेथे कायम वा तात्पुरती राहते, जेथे नोकरी करते, तेथील न्यायालयात तिला दाद मागता येते, आणि त्या न्यायालयाचा आदेश संपूर्ण देशात लागू असतो. छळामुळे माहेरी आश्रय घेतलेली स्त्री तेथेही फौजदारी तक्रार करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवून घेणे बंधनकारक केले आहे. कायद्याने पुसलेली सीमा ठाण्यातल्या टेबलावर पुन्हा आखली जाते, ही खरी अडचण आहे.

आदेश मिळाल्यावर दुसरी अडचण सुरू होते. बेळगाव जिल्ह्यातील न्यायालयाने दिलेला पोटगीचा आदेश कोल्हापूर किंवा वेर्णे येथे नोकरी करणाऱ्या पतीपर्यंत पोहोचवायचा कोणी? नोटीस बजावण्याचे काम संरक्षण अधिकाऱ्याकडे असते. परंतु त्याची सत्ता त्याच्या तालुक्यापुरती. दुसऱ्या राज्यातील अधिकाऱ्याला पत्र जाते, उत्तर येत नाही, तारीख पुढे जाते. पतीच्या पगारातून रक्कम थेट पत्नीला देण्याचा आदेश कलम २०खाली मालकाला देता येतो. सीमेपलीकडच्या कारखान्यात तो पोहोचला तर. मनुष्यबळाची स्थितीही बिकट आहे. कर्नाटकात तालुका पातळीवर हे काम बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे सोपवलेले आहे. अंगणवाड्या, पोषण आहार, अहवाल आणि बैठका यांतून उरलेल्या वेळात त्याने बाईला सोबत घेऊन न्यायालयात जावे, अशी अपेक्षा असते.

भाषेचा अडसर

तिसरी अडचण भाषेची, आणि बेळगाव-निपाणीत ती नाजूकही आहे. कनिष्ठ न्यायालयांचे आणि ठाण्यांचे कामकाज कन्नडमधून चालते. मराठी बोलणाऱ्या स्त्रीचा जबाब दुसऱ्याच कोणीतरी समजून घेऊन कन्नडमध्ये उतरवायचा आणि तिने त्याखाली सही किंवा अंगठा करायचा, असे झाले तर पुढे उलटतपासणीत तिचेच शब्द तिच्याविरुद्ध उभे राहू शकतात. ‘जाच करतो’, ‘नांदवत नाही’, ‘अंगावर धावून येतो’ या शब्दांतील फरक भाषांतरात हरवला, तर खटलाच हरवतो. कन्नड भाषक स्त्री कोल्हापूर जिल्ह्यात नांदत असेल, तर तिचीही हीच गत होते. म्हणून हा कोण्या एका भाषेचा अभिमानाचा प्रश्न नव्हे.

यावरचा उपायही आधीच लिहून ठेवलेला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे. २००६ च्या नियमांनुसार पीडितेला तिच्या हक्कांची माहिती देणारा नमुना इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत देणे हे संरक्षण अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत मराठीलाही स्थानिक भाषा मानून तो नमुना छापण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. फलकांच्या भाषेवरून येथे आंदोलने होतात. तक्रारअर्जाच्या भाषेचा प्रश्न मात्र मागे राहतो.

गोव्याचा संबंध

गोमंतकीय वाचकाला हा शेजारच्या राज्याचा प्रश्न वाटू नये. घाट उतरून गोव्यात आलेल्या अनेक संसारांत लग्न माहेरी लागलेले असते आणि गोव्यात त्याची नोंद झालेली नसते. येथील नागरी संहितेचे मालमत्तेतील हक्क विवाहनोंदणीच्या कागदाशी जोडलेले असल्यामुळे अशा स्त्रीला ‘तुझे लग्नच धरले जात नाही’ असे धमकावणे सोपे जाते. तिने लक्षात ठेवावे, की २००५ चा कायदा नोंदणीचा दाखला मागत नाही. विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही तो संरक्षण देतो. आणि उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

गैरवापराचा आक्षेप

कायदे कडक करण्याची भाषा आली, की गैरवापराचा आक्षेप पाठोपाठ येतो. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये सासरच्या साऱ्या नातलगांना सरसकट गोवण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले. जुलै २०२५ मध्ये अशा तक्रारींत दोन महिने अटक न करता प्रकरण कुटुंबकल्याण समितीकडे पाठविण्याच्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या सूचनांना त्याने मान्यता दिली. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. अटकेचे कलम जर दोन महिने थांबणार असेल, तर त्या दोन महिन्यांत बाईने राहायचे कोठे आणि खायचे काय, याचे उत्तर दिवाणी स्वरूपाच्या २००५ च्या कायद्यानेच द्यावे लागेल. तो अटकेने सुरू होत नाही. छताने आणि पोटगीने सुरू होतो. म्हणूनच तो आता अधिक भक्कम हवा.

काय करता येईल

कायद्यातील दोन दुरुस्त्या अगत्याच्या आहेत. संरक्षण अधिकारी किती असावेत हे कलम ८ ने राज्यांच्या मर्जीवर सोडले आहे. प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ अधिकारी बंधनकारक केला पाहिजे. कलम ३१ मधील एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड ही शिक्षा संरक्षण आदेश मोडल्यास आहे; पोटगीचा वा निवासाचा आदेश मोडल्यास ती लागू होते का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. संसदेने एका वाक्याची भर घालून हा संशय मिटवावा.

उरलेले काम प्रशासनाचे आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमण्याचे आणि निवारागृहांची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. सीमाभागातील लोकप्रतिनिधींनी आपल्या तालुक्यात त्या आदेशाचे काय झाले, हा एक साधा प्रश्न सभागृहात विचारावा.

आंतरराज्य समन्वयासाठी व्यासपीठाची उणीव खरी आहे. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम क्षेत्रीय परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. सीमेवरची स्त्री या दोहोंच्या फटीत सापडते. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये सीमातंट्यावरील बैठकीनंतर दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली होती. भूभागाचा निर्णय न्यायालय देईल तेव्हा देईल. तोवर त्या समितीने बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत एकेक संपर्क अधिकारी नेमून परस्परांच्या न्यायालयांचे आदेश ठरावीक मुदतीत बजावण्याची पद्धत घालून द्यावी आणि गोव्यालाही तीत सहभागी करून घ्यावे. यात कोणाचे गाव जात नाही आणि कोणाचा दावाही दुबळा होत नाही.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव ७० हून अधिक. मार खाऊन निघालेली बाई त्या क्षणी जवळची वाट धरते. ती कोणत्या राज्यात जाते हे पाहत नाही. त्या वाटेच्या शेवटी असलेल्या कार्यालयाने तिला ‘तुमचे राज्य कोणते’ असे विचारण्याआधी बसायला खुर्ची द्यावी आणि तिच्या भाषेतला अर्ज पुढे करावा. कायद्याने हे तिला २००५ मध्येच देऊ केले आहे.