तलावाकाठची सुटी

सुटी जवळ आली की कुठे जायचं याची चर्चा घरोघरी सुरू होते. कुणी मामाच्या गावाला, कुणी शेगावला, कुणी थेट मुंबईला! आम्ही डी.एड.च्या चार मैत्रिणी मात्र दर हिवाळ्यात दोन दिवस नवेगावबांधला जातो. तिथं पाळणे नाहीत, दुकानं नाहीत. आम्ही तलावाकाठी बसतो. हे ऐकून चौथीतला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, नुसतं बसाले इतक्या दूर काहून जाचं?"

प्रश्न चांगला आहे. आज त्याचंच उत्तर देते.

नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आपल्या यवतमाळच्या ईशान्येला आहे. एसटीने आधी नागपूर, मग भंडारा, साकोली करत जायचं. दिवस प्रवासातच जातो. पण तिथं पोचल्यावर समोर १० चौरस किलोमीटरहून मोठं पाणी आणि भोवती टेकड्या नि जंगल. साधी खोली, चुलीवरचा भात, आणि पहाटे पाण्यावर धुकं. शीण कुठल्या कुठे पळतो!

हा तलाव आपोआप झालेला नाही, बरं का! सुमारे ३०० वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. तेव्हा यंत्रं नव्हती, सिमेंट नव्हतं. टेकड्यांमधली वाट माती-दगडांनी अडवायची, पावसाचं पाणी साठवायचं आणि खालच्या धानाला द्यायचं, ही कोहळी समाजाची विद्या. लोकांनी कोलू पाटलांना देवच मानलं. कोलासुर या नावानं त्यांचं ठाणं तलावाजवळ आहे. भोवतीच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालायला त्यांनी मदत केली, अशी कथा आहे. म्हणजे आपण जिथं आराम करतो, तिथं कुणीतरी आधी घाम गाळलेला असतो.

आणि नुसतं बसणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे! मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी इथं अनेक वर्षं होते. पक्षी बघायचे, जंगलातल्या आणि पाण्यावरच्या माणसांना विचारायचे आणि टिपून ठेवायचे. त्यातून 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक झालं. चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांची पुस्तकं तुमच्या शाळेच्या कपाटात आहेत का, जरा शोधा.

आता तलावावरच्या पाहुण्यांची ओळख करून देते. हिवाळ्यात सायबेरिया, मंगोलिया, तिबेटकडची तळी गोठतात. मग तिकडचे पक्षी आपल्या विदर्भातल्या तलावांवर येतात. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकदंब ही त्यांची नावं. यातला पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो! शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांवर छोटी यंत्रं बसवून पाहिलं. तेव्हा ७,००० मीटरपेक्षा उंच उडाल्याची नोंद मिळाली. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक ठेवले तरी हा गडी त्यांच्याही वरून जाईल!

आपला तलाव ही या पक्ष्यांची थंडीतली खोली. इथं खायचं, विसावायचं आणि अंगात चरबी साठवायची. उन्हाळ्याआधी परत जाताना तीच कामी येते. ती चरबी म्हणजे त्यांच्या परतीच्या प्रवासाचं भाडं!

मागच्या वेळी आम्ही होतो तेव्हा काही तरुण मोठा स्पीकर घेऊन आले. गाणं वाजलं आणि पाण्यावरचा अख्खा थवा उठला. थोड्या वेळानं बसला, की पुन्हा गाणं, पुन्हा उड्डाण. दर वेळी त्या भाड्यातले थोडे पैसे खर्च! आमच्यातली एक उठली आणि त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी स्पीकर बंद केला, आणि पुढचा अर्धा तास आमच्याच दुर्बिणीतून ते पक्षी बघत बसले.

तलावांची काळजी घेणारे हातही त्याच भागात आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढीवर समाजातल्या बायामाणसांनी जुन्या तलावांतली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. त्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, पक्ष्यांना खाणं मिळतं, आणि ढीवरांच्या जाळ्यातही मासळी येते.

मुलांनो, नवेगावबांध दूर आहे, पण पाणी तुमच्याजवळही आहेच. यवतमाळचा निळोणा, पुसदजवळचं पूस धरण, नाहीतर गावाबाहेरचा पाझर तलाव. यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी दोन-तीन मित्रांना आणि घरच्या एका मोठ्या माणसाला घेऊन तिथं जा. पाण्यात उतरायचं नाही. काठापासून दूर अर्धा तास गप्प बसायचं. किती प्रकारचे पक्षी दिसले, ते काय करत होते, आणि कशानं उडाले, हे वहीत लिहायचं. नाव माहीत नसेल तर चित्र काढा.

आणि पालकांना एक विनंती. त्या अर्ध्या तासात तुमचाही मोबाइल खिशातच राहू द्या. मुलं जे बघतील, ते तुम्हीही बघा.